रकाना सात

शुक्रवारी दुपारी बाराला अर्ज बंद होणार होते
आणि बुधवारी रात्री आम्ही अजून रकाना सातवरच:
सध्या या मार्गावरून रोज किती जण पायी जातात?
किती जण सायकलने? पुरावा जोडावा.

मार्ग म्हणजे आमचा ब्रिनवेनचा पूल.
दोन्ही अंगांनी दगडी कठडे, मध्ये एक टँकर मावेल एवढा रस्ता,
आणि टँकर मावला की दुसरं काहीच मावत नाही.
अलीकडे आमची घरं, पलीकडे शाळा, दवाखाना
आणि फक्त मंगळवारी उघडणारं पोस्ट.

मी ग्रामपरिषदेची कारकून, आठवड्याला सहा तासांची.
बाकीचे तास मी फुकट घालते, हेही अर्जात
‘स्थानिक योगदान’ म्हणून पैशांत मांडायचं असतं.
मांडलं. नवरा म्हणाला, एवढी महाग आहेस हे माहीत नव्हतं.

शनिवारी मोजायला उभे राहिलो, मी आणि इदवाल.
सकाळी आठ ते संध्याकाळी सहा,
हातात बटणाचं यंत्र, एका छत्रीत दोघं,
थर्मासमधला चहा अकरालाच संपलेला.
मोटारी एक हजार एकशे चार.
सायकली दोन. त्यातला एक परगावचा,
घट्ट कपड्यांतला, शिव्या देत गेलेला.
पायी एक. तोही माझाच नवरा, सँडविच घेऊन आला होता.
त्याला मोजायचा की नाही
यावर आमचा अर्धा तास वाद झाला.

आता सातव्या रकान्यात तीन लिहू?
पैसे देणारे विचारतील, तिघांसाठी एवढा खर्च?
आणि न निघालेल्यांचा पुरावा
कुठल्या कार्यालयात मिळतो?
दाराशी बूट चढवून, रस्त्याचा आवाज ऐकून
परत बूट काढणाऱ्यांचा?
आमच्याकडची वाट फक्त पाहायची असते,
चालायची नसते.

टेगवेन प्रॉसर, वय अठ्ठ्याहत्तर.
घरापासून दवाखाना चारशे पावलं.
टॅक्सीचे जायचे साडेसहा पौंड, यायचे साडेसहा,
आणि ड्रायव्हर दर वेळी विचारतो, एवढंच?
बुधवारच्या सभेत ती शेवटच्या खुर्चीवर होती,
आमचं सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली,
मग मला मोजा की.

गुरुवारी सकाळी ती निघाली.
अंगात इदवालचं पिवळं जाकीट, गुडघ्यापर्यंत आलेलं,
हातात काठी, ओठांवर लिपस्टिक.
पुलावर पाऊल टाकलं तेवढ्यात मागून दुधाचा टँकर आला.
त्यानं हॉर्न दिला. तिनं मागे पाहिलं नाही.
पुन्हा दिला नाही.
टँकरमागे पोस्टाची व्हॅन, मेंढ्यांचा ट्रेलर,
शाळेची मिनीबस, काचेला चिकटलेली नाकं,
चॅपेलच्या फाटकापर्यंत रांग,
आणि अख्खी रांग टेगवेनच्या गतीने.
पलीकडे पोचून ती कठड्याला टेकली, श्वास घेतला,
आणि परत आली.

मी दोनदा बटण दाबलं.

इदवालला हा फोटो जोडायचा होता,
मला वाटलं, नाटक केलं म्हणतील.
शेवटी फोटो जोडला, आणि रकान्यात लिहिलं:
‘पायी, दोन. दोन्ही वेळा एकच व्यक्ती.
निघण्याआधी तिने शेजारणीला
मृत्युपत्र कुठल्या खणात आहे ते सांगून ठेवलं होतं.’
शब्दमर्यादा दोनशे पन्नास.
उरलेली जागा कोरी सोडली.

बाराला आठ मिनिटं असताना अर्ज गेला.
पडद्यावर एक गोल बराच वेळ फिरत राहिला.
मग पोचपावती आली: उत्तर सोळा आठवड्यांत.

सातवा आठवडा चालू आहे.
टेगवेन टॅक्सीनेच जाते.
पलीकडच्या घरात नऊ वर्षांचा मॅक्सेन
दर रविवारी सायकलीच्या चाकांत हवा भरतो,
अंगणात तीन चकरा मारून ती भिंतीला लावतो.
पुढच्या रविवारपर्यंत
हवा आपोआप गेलेली असते.